बाबांचा गोंदावरचा राग

आमच्या बाबांना दोन गोष्टींची चीड होती. एक, माप देताना पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं. आणि दुसरी, गोंद. तयार शर्टांच्या कॉलरमध्ये, ती ताठ राहावी म्हणून घालायचं बकरम गोंद लावून इस्त्रीने चिकटवतात, शिवत नाहीत, हे कळलं तेव्हा दोन दिवस जेवताना त्यांचा तोच विषय. "पाकिटं चिकटवावीत तसे शर्ट चिकटवायला लागले! ह्यांना शिंपी कोण म्हणेल?"

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी त्यांचं पायमशीन आणि शेजारी माझं स्टूल. मी काजं करायची, बटणं लावायची. बाबा मशीनवर नेहमी अनवाणी बसायचे. पॅडल तळव्यालाच कळतं, म्हणायचे. कॉलरचं टोक आलं की चाक बरोबर त्या टाक्यावर थांबायचं. खडखड थांबली की मान वर न करता मी ओळखायची, टोक आलं. अजूनही कुठे मशीन चालू असलं की मी त्या थांबण्याची वाट बघते.

मग टोकं चुकायला लागली. टाका एक-दोन घरं पुढे जायचा. बाबांनी सगळं खापर मशीनवर फोडलं. तेल घातलं, पट्टा बदलला, स्क्रू आवळले. मशीन बिचारं ठणठणीत होतं. जिना चढताना ते मध्येच बसायला लागले, तेव्हा म्हणे वय झालं. एका दुपारी टेबलापासून मशीनपर्यंत आले आणि मला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. उजव्या तळव्यात टाचणी अख्खी रुतली होती.

"बाबा, दुखत नाही?"

"काय दुखत नाही?"

मी टाचणी उपसून त्यांच्यासमोर धरली.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षाही लहान. त्यांनी पाठीचा फोटो दाखवला. कण्यात एक धमनी थेट शिरेला जोडली गेली होती. धमनीतल्या रक्ताचा जोर शिरेला सोसत नव्हता, ती फुगून रक्त तुंबत होतं आणि पायांकडे जाणाऱ्या मज्जारज्जूला सूज येत होती.

"म्हणजे बाही खिशाला शिवली," बाबा म्हणाले.

"अगदी तसंच," बाई हसल्या. "पण पाठ उघडायला नको. जांघेतून बारीक नळी त्या जोडापर्यंत नेऊ आणि गोंद सोडून तो बंद करू."

गोंद म्हटल्याबरोबर बाबांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. "कापा, टाके घाला. गोंद नको."

"तसंही करता येतं. काहीही करा, पण लवकर करा. गेलेली ताकद परत येईलच, ह्याची हमी नाही."

घरी येऊन तीन आठवडे अडून बसले. गोंद नको, आणि कापायची भीती वाटते हे कबूल करतील तर शपथ! मी भांडले, अबोला धरला, शेजाऱ्यांकडून सांगून पाहिलं. भिंत धरून चालणारा माणूस तेवढ्यात काठीवर आला. त्या तीन आठवड्यांचा मला अजून राग येतो.

काठी टेकत दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "आणि सुटलं तर?"

"कधीकधी सुटतं," बाईंनी सरळ सांगितलं. "तसं झालं तर या. पुन्हा करू, नाहीतर कापून बंद करू."

चाळीस वर्षं शर्ट हातात देताना बाबा स्वतः प्रत्येकाला सांगत आले होते, उसवलं तर घेऊन या.

"करा," ते म्हणाले.

दोन-अडीच तासांत झालं. जांघेत एवढीशी पट्टी. भेटायला आलेल्यांना दाखवायला जखमसुद्धा नाही, म्हणून बाबा हिरमुसले. घरी रोज सकाळी तळवे पुढे करायचे. "टोच." मी हलकेच टाचणी टोचायची. सहाव्या आठवड्यात डाव्या पायाला टोचली आणि ते "आई गं!" करून ओरडले. मी टाचणी टाकून दिली आणि रडले. उजवा पाय मात्र कधीच ओरडला नाही. बाबा एका पायाने पॅडल मारायला शिकले. टोकं पुन्हा जागेवर आली, जरा सावकाश.

गोंदाबद्दल त्यानंतर ते चकार शब्द बोलले नाहीत. बरंही नाही, वाईटही नाही.

पुढे अकरा वर्षं ते स्वतःच्या पायांनी दुकानात आले. ते गेल्यावर त्यांचा निळा शर्ट मी काढला, बरे झाल्याच्या वर्षीच स्वतःसाठी शिवलेला. कॉलर विरली होती, उलटवून घ्यावी म्हणून उसवली. आत बकरम चिकटवलेलं होतं. आमच्या बाबांनी! आणि वर कडेकडेने हाताचे बारीक टाकेही घातले होते, न जाणो म्हणून.

मी हसले आणि मग मला हुंदका आवरेना. ते टाके एकेक करून काढले. बकरमाची कड नखात धरून ओढून पाहिली. सुटली नाही.