आखूड हौद्याची गाडी

काल एका गॅरेजात डिझेल पिकअपचा हौदा कापून आखूड करत होते. कुणाच्या तरी हौसेची गाडी असावी. ठिणग्या बघत मी उभाच राहिलो.

आमच्या बाबांनीही अशी गाडी करून घेतली होती. अर्धांगवायूनंतर आईला चालता येत नव्हतं आणि बाबांची लांब गाडी आमच्या बोळात वळत नव्हती.

"माल कमी बसेल, भाऊ," मिस्त्री म्हणाले.

"बसू दे. गाडी दारापर्यंत आली पाहिजे."

गाडी दारात आली, तेव्हा बाबांनी आईला उचलून पुढे बसवलं. कित्येक महिन्यांनी ती बाहेर पडत होती.

"कुठं नेऊ?"

"बाजारातून घ्या," पदर सावरत ती म्हणाली.

बाबांनी गाडी इतकी सावकाश चालवली, की भाजीवाल्या बायका खिडकीला धरून तिच्याशी बोलत चालत राहिल्या.