आप्पांच्या पायाखालची फरशी

आप्पांनी परत हात पुढं केला आणि माझं डोकं फिरलं. आप्पा म्हणजे माझे सासरे. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, तरी घरात कुणी हात धरलेला त्यांना खपायचा नाही. सुरुवातीला मी एकदा धरायला गेले, तर केवढ्यांदा ओरडले होते, "सोड हात! मी काय बाळ हाय व्हय?" आणि आता तेच आप्पा माझी चाहूल लागली की खाटेवरनं मुकाट हात पुढं करायचे. हात धरायचा मला कंटाळा नव्हता. त्यांचं ते मुकाट बसणं मला बघवत नव्हतं.

घडलं होतं ते शहराच्या कॅम्प भागात, नणंदेच्या नव्या फ्लॅटमध्ये. आप्पांनी वडगावात आयुष्यभर खड्ड्याच्या मागावर साड्या विणल्या. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि अनवाणी पायांनी मागाच्या पावड्या दाबायच्या. डोळे गेल्यावर तेच पाय त्यांच्या उपयोगी पडले. माग काढला तेव्हा आम्ही खड्डा बुजवून खोलीभर काँक्रीट ओतलं होतं. मागाचं लाकूड चुलीत घालायचं नाही आणि भंगारातही द्यायचं नाही, हा आमच्या घरचा हट्ट. म्हणून आप्पांनी पावड्या आणि मोडका सांगाडा त्याच खड्ड्यात ठेवून वर माती लोटली होती. पुढं लाकूड कुजलं आणि मधोमध काँक्रीट खचलं. आप्पांना तेच सोयीचं झालं. पायाला खोलगट लागलं की डावीकडं न्हाणी, सरळ गेलं की रस्त्याचं दार.

कॅम्पातल्या त्या हॉलमध्ये पांढऱ्या गुळगुळीत टाइल्स, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारख्या. पायाला काही लागेचना. न्हाणीकडं निघालेले आप्पा पाहुण्यांच्या देखत मधोमध अडकून उभे राहिले, आणि तिथंच त्यांचं धोतर ओलं झालं. त्याच दिवशी घरी आले ते खाटेला चिकटले. दारात बसणं बंद, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणं बंद.

आता आमच्याकडंही फरशी घालायची होती. मी साड्यांना फॉल लावते आणि काँक्रीटची धूळ काठापदराला लागली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. आमच्या ह्यांनी तर ठरवूनच टाकलं होतं, "टाइल्स घालू. स्वस्त लॉट आलाय, आक्काच्या घरासारख्याच दिसतील."

"आक्काच्या घरासारख्या?" मी म्हटलं, "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

आम्ही तिघं खानापूर रोडच्या एका दुकानात गेलो. मी आप्पांना चपला काढायला लावल्या आणि एकेका नमुन्यावर उभं केलं. दुकानदार म्हणाला, "ताई, टाइल्स बघायच्या असत्यात की. पाय कशाला घासवताय?" मी म्हटलं, "ह्यांचे डोळे तिथंच आहेत, बघू देत." मग त्यानं प्लास्टिकच्या फरशीचा गुंडाळा दाखवला. सगळ्यात स्वस्त, काँक्रीटवर नुसता अंथरायचा. पण पावसाळ्यात आमच्या जमिनीला घाम फुटतो, त्याखाली ओल धरली असती. आणि पायाला तोही सगळीकडं सारखाच.

तेवढ्यात आप्पाच म्हणाले, "पांढऱ्या टाइल्साच घाला. चार लोकं येत्यात-जात्यात, घर बरं दिसंल. माझं काय, मी खाटंवर बसून ऱ्हातो."

मला असा संताप आला म्हणून सांगू! भर दुकानात मी आवाज चढवला. "खाटेवर बसायचं असतं तर तुम्हाला इथवर आणलं कशाला? घर कुणाला दाखवायचंय मला? तुम्ही त्यात चालायला नकोत?" ते खाली मान घालून उभे राहिले. ह्यांनीही टाइल्सचं नाव परत काढलं नाही.

शेवटी मी शहाबादी फरशी घेतली. टाइल्सच्या त्या लॉटपेक्षाही ती स्वस्त पडली. खोलीभर गुळगुळीत घासलेली, म्हणजे साड्या पसरायला बरी. आणि खाटेपासून मधल्या खड्ड्याच्या जागेपर्यंत, तिथनं एक फाटा न्हाणीला आणि एक दाराला, असा बिनघासलेल्या खडबडीत फरशीचा पट्टा. खड्ड्याच्या जागी चौकोन.

गवंडी हसायलाच लागला. "वैनी, घरात रस्ता करायलाय काय?"

"व्हय, रस्ताच. वाकडा झाला तर उखडायला लावीन, सांगून ठेवते."

काम सुरू केल्यावर त्यानं खचलेल्या जागी ठोकून बघितलं. पोकळ वाजलं. तेवढं काँक्रीट फोडलं तर आतनं वाळवीनं खाल्लेला पावड्यांचा भुगा निघाला. "खड्ड्यात लाकूड कोण पुरतंय हो?" तो वैतागला. "विणकर," खाटेवरनं आप्पा म्हणाले. कॅम्पातनं आल्यापासनं कुणी न विचारता ते पहिल्यांदाच बोलले होते. खड्ड्यात मुरूम ठोकून भरला, वर काँक्रीट केलं, मग फरशी बसली. जमिनीची उंची वाढली म्हणून दार अडकायला लागलं, तेही खालनं तासून घेतलं. हे म्हणाले, "एवढा खटाटोप करून ते उठलेच न्हाईत तर?" मलाही तीच भीती होती.

फरशी चालण्याजोगी झाली त्या सकाळी आप्पांनी नेहमीसारखा हात पुढं केला. मी समोरच उभी होते. दोन्ही हात मागं घट्ट धरले आणि म्हटलं, "मी देणार नाही. पाय खाली सोडा."

"पडलो म्हंजे?"

"मी आहे की हितं. पण हात नाही द्यायची."

ते चिडले. ओठ हलवत काहीतरी पुटपुटले, बहुतेक मला शिव्याच दिल्या. मग पाय खाली सोडला. तळव्याला खडबडीत लागलं. पाय जरा बाजूला सरकवला, गुळगुळीत लागलं, तो परत पट्ट्यावर घेतला. उभे राहिले. मी जागची हलले नाही. आप्पा चौकोनापर्यंत आले. तिथं थांबून त्यांनी पाय दाबून बघितले, एकदा उजवा, एकदा डावा, पावडी दाबावी तसे. मला वाटलं, आता डावीकडं न्हाणीला वळतील.

ते सरळ दाराकडं गेले. चौकट चाचपून उंबऱ्यावर बसले, धोतर सारखं केलं आणि रस्त्यावरनं चाललेल्या कुणाला तरी खणखणीत हाक मारली. त्या माणसानं उठवायला हात दिला असावा, कारण मला बाहेरनं ऐकू आलं, "सोड हात! मी काय बाळ हाय व्हय?"