टीव्हीला घातलेला हार

कारखान्याच्या कामगारांच्या कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या बुद्धविहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालायचा. मी त्याच वर्गात शिकले आणि पुढे तिथंच गणित शिकवू लागले. वर्गाचा नियम एकच होता. ज्याला समजलं नाही त्यानं उठून फळ्यापाशी यायचं, आणि ज्याला समजलं त्यानं त्याला समजावल्याशिवाय घरी जायचं नाही.

या नियमाचा पुरेपूर फायदा माझ्या भावाची मुलगी घ्यायची. यंदा दहावीला आहे. ‘नाही समजलं’ म्हणायची तिला कधी लाज वाटली नाही. मोठी पोरं वैतागायची, “आमाले भूक लागून राहिली न!” ही खडू पुढं करायची, “मंग नीट सांग ना.” तोंडाला कुलूप लावून बसलेल्या निम्म्या वर्गाला तिच्यामुळं गणित समजायचं. मला त्या पोरीचा फार अभिमान होता.

मग वस्ती सोडून जुनवानीच्या नव्या कॉलनीत राहायला गेलेल्या आमच्यातल्याच एका साहेबांनी विहाराला मोठा टीव्ही दिला, सोबत शिकवणीचं ॲप. त्यांची स्वतःची मुलं मात्र कोचिंगला जातात, हाडामांसाच्या मास्तरापुढं बसतात. दान देताना हे कोणी सांगत नाही.

कमिटीचे अध्यक्ष खुशीत होते. “ताई, आता तुमाले घसा कोरडा कराची गरज नाई. मोठमोठे सर आपल्या विहारात शिकवून राहिले.”

“त्यांना आपली पोरं दिसतात का?” मी विचारलं.

“तुमाले तर सगळ्यातच खोट दिसते,” ते म्हणाले. फळा उतरवून मागच्या खोलीत टाकला. आता कार्यक्रमाला त्याच्यावर भाजीची पातेली ठेवतात.

पहिल्या दिवशी टीव्हीतल्या सरांनी हसून विचारलं, “समझ में आया?” आमच्या पोरीनं सवयीनं हात वर केला. “सर, नाई समजलं.” सर म्हणाले, “बहुत बढ़िया! आगे चलते हैं.” सगळा वर्ग खो खो हसला. तिचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला, मग खाली आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायचं कोणाशी? टीव्हीशी?

घरी मोबाईलवर तेच धडे. धडा संपला की ‘समजलं’चं बटण दाबायचं, हिरवी खूण येते, पुढचा धडा उघडतो. न दाबलं तर गाडी तिथंच अडते. पोरगी बटण दाबत गेली. सगळे धडे सर्वांत आधी तिनंच संपवले.

आमच्या लोकांना सत्काराची भारी हौस. धम्मचक्र दिनाला तिला स्टेजवर बोलावलं, गळ्यात हार घातला, टाळ्या पिटल्या. एक हार उरला, तो अध्यक्षांनी टीव्हीला घातला. ज्यांच्या आजोबांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, त्यांनी टीव्हीला हार घातला! वर पुन्हा टाळ्या. मी चप्पल घातली आणि घरी आले.

पोरगी मागोमाग आली, हार अजून गळ्यातच होता. मी तिला जवळ बसवलं आणि पहिल्याच धड्यातलं एक सोपं उदाहरण कागदावर लिहून दिलं. ती कागदाकडं बघत बसली. पेन उचललं, परत ठेवलं. मला वाटलं, आता म्हणेल. इतकी वर्षं म्हणत आली तसं म्हणेल, आणि मग मी रात्रभर बसेन तिच्यासोबत.

“काही हरकत नाही,” मी म्हणाले, “आपण पहिल्यापासून बघू.” आणि कागद माझ्याकडं ओढला.

“हो आत्या,” ती गोड हसून म्हणाली, “समजलं.”

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.