डावा कोपरा, बेस प्राइसला

नऊ वर्षं झाली, हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हाही भित्रेपणाच, मला कळतं.

आधी माझी कर्तबगारी ऐका. मी खराडीतल्या कंपन्यांमध्ये भाषणं देतो. बँकेतली नोकरी सांभाळून, शनिवारी. विषय — कमी पैशात उत्तम संघ कसा बांधावा. समोर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं बसतात. त्यातल्या निम्म्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर, तीही चॅनेल बदलताना पाहिलेली असते. मी म्हणतो, “स्टारच्या मागे धावू नका. ज्याची किंमत बाजाराला कळलेली नाही, असा माणूस शोधा.” ते लॅपटॉपवर टकटक लिहून घेतात. शेवटी टाळ्या. पूर्वी शाल द्यायचे, हल्ली कुंडीतलं रोप देतात. माझ्या गॅलरीत अशी अकरा रोपं आहेत. पाणी बायको घालते.

‘ज्याची किंमत बाजाराला कळलेली नाही.’ काय गोंडस वाक्य आहे! बाजाराला ती का कळली नाही, हे इतक्या वर्षांत एकाही शहाण्याने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर — तर मी काहीतरी थाप मारली असती. मला येतं ते.

तेव्हा पुण्यात कबड्डीची एक लीग निघाली होती. आठ मालक, आठ संघ. प्रत्येकाला खेळाडूंवर खर्च करायला वीस लाख, आणि त्यात किमान बारा माणसं घ्यायची. लिलाव कर्वेनगरमधल्या एका मंगल कार्यालयात होता. जिथे एरवी नवरा-नवरी बसतात तिथे हातोडा घेऊन निवेदक बसला होता, आणि ज्यांची विक्री व्हायची ते खेळाडू मागच्या रांगांत, लाल मखमलीच्या खुर्च्यांवर. त्या खुर्च्यांवर बसून माणसं सहसा अक्षता टाकतात. ही पोरं स्वतःचा भाव ऐकायला बसली होती.

आमचे मालक धायरीचे बिल्डर. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. बाद झालेला गडी परत आत कसा येतो, हे मी त्यांना तीन वेळा समजावलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी त्यांचा सल्लागार. का, तर तरुणपणी मी जिल्ह्याकडून डाव्या कोपऱ्यात खेळलो होतो. आणि हिशेबाचा माणूस.

माझा हिशेब आजही चुकीचा नाही, हीच तर गंमत. लोक पैसा उधळतात चढाई करणाऱ्यावर. तो एकटा पलीकडे जातो, मांडी ठोकतो, सगळ्यांना दिसतो. पण सामना धरून ठेवतात ते दोन कोपरे. डावा आणि उजवा. ते दोघं एकमेकांकडे न बघता एकाच क्षणी पुढे आले, की समोरचा कितीही चित्ता असो, तो खाली. म्हणून आधी दोन्ही कोपरे घ्यायचे, प्रत्येकी तीन लाखांपर्यंत. मग साधारण बरे दोन चढाईवाले. उरल्यात बाकीचे. हे मी कागदावर पेन्सिलीने लिहून नेलं होतं. डाव्या कोपऱ्यापुढे एकच नाव होतं — गौतम.

गौतम धायरीचाच. वडील वाशीमकडून कारखान्यात नोकरीला आलेले, दोन खोल्यांचं घर. चोविसाचा होता. मी माझ्या अख्ख्या आयुष्यात इतका सुंदर पट काढणारा दुसरा पाहिला नाही. चढाईवाल्याचा घोटा हातात यायच्या आधी त्याचे डोळे तिथे पोचलेले असायचे. मी खेळायचो तेव्हा मला वाटायचं आपण फार भारी आहोत. त्याला बघितल्यावर कळलं, मी नुसता आडवा येत होतो.

लिलाव सुरू झाला आणि तिसरंच नाव निघालं एका रंगवलेल्या केसांच्या चढाईवाल्याचं. भाऊंच्या मेहुण्याने मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहिले होते. बोली चार लाखांवर गेली, सहावर गेली. मी भाऊंची बाही ओढली.

“भाऊ, थांबा. कोपऱ्यांना काही उरणार नाही.”

“अहो सल्लागार, मग बॅनरवर कोणाला लावू? तुमच्या कोपऱ्याला?” मेहुणा फिदीफिदी हसला. “कोण वळखतंय हो त्याला!”

साडेनऊ लाख. एका माणसाला. भाऊंनी असं बघितलं, जणू सिंहगड विकत घेतला.

मी काय केलं? कागद फाडून उठून आलो? नाही. तिथे पुढच्या रांगेत खुर्ची होती, पाण्याची बाटली होती, समोर माझ्या नावाची पाटी होती. मी पेन्सिलीने आकडे खोडले आणि नवे लिहिले. चहाची सुट्टी झाली तेव्हा आमची नऊ माणसं झाली होती, उजवा कोपरा धरून. तीन घ्यायची होती आणि दीड लाख उरला होता. म्हणजे माणशी पन्नास हजार — नेमकी बेस प्राइस. त्याच्यावर एक रुपया नाही. आणि गौतमवर दुसऱ्या एका संघाचा डोळा आहे, हे मला पक्कं माहीत होतं. त्या संघाचे सल्लागार नाना. जुने प्रशिक्षक, मनाने चांगले, पोटात काही राहत नाही. नानांच्या कानात सांगितलं, की चौकातल्या फळ्यावर लिहिल्यासारखं.

चहाच्या टेबलाशी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

“नाना, कुणाला बोलू नका हं. त्या गौतमच्या उजव्या गुडघ्यात गडबड आहे. लिगामेंट.”

“अरेरे! काय सांगता? मी शब्द दिलाय हो पोराला.”

“शब्दाचं काय, नाना. पैसे मालकाचे आहेत.”

झालं. एवढंच. तीन वाक्यं आणि एक खारी. त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. आदल्याच रविवारी मी त्याला मैदानावर पाहिलं होतं.

एक सांगू? त्याच्या जागी कुणा नगरसेवकाचा पुतण्या असता, तर मी तसं बोललो असतो का? जीभ रेटली नसती. गौतमच्या मागे ‘कोण म्हणालं रे असं?’ म्हणून विचारायला येणारं कुणी नव्हतं. हेही मी हिशेबात धरलं होतं. पेन्सिलीशिवाय.

सुट्टीनंतर त्याचं नाव पुकारलं. डावा कोपरा, बेस प्राइस पन्नास हजार. बोलीची एकही पाटी वर गेली नाही. गौतमने आधी नानांकडे पाहिलं. नाना बशीतला खारीचा चुरा बोटाने गोळा करत होते. मग तो एकेका टेबलाकडे बघत गेला, आणि एकेक टेबल खाली बघत गेलं. निवेदकाने दुसऱ्यांदा विचारलं. मी मुद्दाम थांबलो — घाई दिसू नये म्हणून — आणि मग पाटी वर केली.

“वा!” भाऊ म्हणाले. “याला म्हणतात डोकं!”

खर्चाचं जे शास्त्र मी लोकांना शिकवतो, त्यातलं एकच वाक्य मी कधी बोलत नाही. ते इथे लिहितो. स्टारला दिलेली जादा किंमत मालक भरत नाही. त्याचा आकडा तर आधीच ठरलेला असतो. ती भरतो यादीतला शेवटचा माणूस, आणि त्याच्याकडून ती काढून घ्यायला माझ्यासारखा कुणीतरी हुशार लागतो.

लिलाव संपल्यावर गौतम माझ्या पाया पडला. “सर, तुम्ही एकट्यांनी हात वर केलात.” मी त्याला उठवलं, आणि काय बोललो असेन? “गुडघा कसा आहे?”

“ठीक आहे की, सर. का?”

“नाही, परवा पळताना जरा दुखरा वाटला. जप. आणि असं कर, सामन्याला त्याला क्रेप बँडेज गुंडाळून उतर. समोरच्याला वाटेल ही बाजू कच्ची आहे. येतील तुझ्याकडेच.”

डोकं होतं ना मला! तो तसाच खेळला. नी-कॅप सगळेच घालतात, तिच्याकडे कुणी बघत नाही. पण एकाच गुडघ्याला गुंडाळलेली ती फिकी पट्टी शेवटच्या रांगेतूनही दिसायची. चढाईवाले लोभाने डावीकडे यायचे आणि गौतम त्यांना एकेक करून निजवायचा. आम्ही लीग जिंकलो. बॅनरवर रंगवलेले केस होते. सगळे म्हणाले काय डावपेच आहे. डावपेच होताच, पण खरं कारण वेगळं होतं — नाना दर सामन्याला पहिल्या रांगेत बसायचे, आणि माझं खोटं त्यांना खरं दिसत राहायला हवं होतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बरं, थाप मारली, पोराचे दोन-अडीच लाख बुडवले. वाईट. पण एवढं नऊ वर्षं काय उराशी धरायचं?

नाही हो. ते खोटं मी रेंगाळत रेंगाळत सांगितलं, कारण त्याच्या पुढचं सांगायचं नव्हतं.

उपांत्य सामन्याला माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. एका मोठ्या कंपनीच्या संघासाठी माणसं निवडत होते. कायमची नोकरी, पगार, निवृत्तीपर्यंतची सोय — कबड्डी खेळणारं प्रत्येक गरीब पोर ज्याच्यासाठी माती खातं, ते. त्यांना डावा कोपरा हवा होता. मध्यंतरात ते माझ्याकडे झुकले.

“पोरगा फार चांगला आहे हो तुमचा. पण गुडघ्याचं काय? ऐकलं ते खरं का?”

माझ्या दुसऱ्या बाजूला नाना होते. कान इकडेच.

काय बोलायचं होतं मला? ‘पट्टी नाटकाची आहे. गुडघा ठणठणीत आहे.’ दोन वाक्यं. नानांना कळलं असतं की मी त्यांना फसवलं. मंगल कार्यालयातल्या त्या आठ टेबलांवर माझी लाज गेली असती. बस, एवढंच गेलं असतं. त्यापलीकडे माझं काय होतं जायला? समोर मैदानावर गौतम पट्टी नीट करत होता. मी सांगितली होती तशी, घट्ट.

मी म्हणालो, “खेळतोय तर खरा... पुढचं काय सांगणार?”

त्यांनी डायरी मिटली. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्याच एका पोराला डाव्या कोपऱ्यासाठी घेतलं. गौतमला पुढच्या दोन लीगमध्ये कुणीच घेतलं नाही, मग तो लिलावाला बसायचाच बंद झाला. आता तो धायरीहून खराडीला कंपनीची कॅब चालवतो. दर वैशाख पौर्णिमेला त्याच्या आईने केलेली खीर डब्यात घेऊन माझ्या घरी येतो. मी ती खातो. डबा धुऊन परत देतो.

गेल्या महिन्यात खराडीच्या एका कंपनीने म्हटलं, सर, तो बेस प्राइसवाला खेळाडू भाषणाला आणता येईल का? मी नाही म्हणू शकलो असतो. आणला. गौतम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. व्यासपीठावर चढताना उजवा पाय जपून टाकत होता. नंतर कळलं, थंडीत गाडी चालवताना अजूनही तो तिथे पट्टी बांधतो.

समोरून एका मुलीने विचारलं, “कुणीच बोली लावत नव्हतं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“वाईट वाटलं, मॅडम,” गौतम म्हणाला. “पण चूक त्यांची नव्हती. माझ्या गुडघ्यात दोष होता. मला स्वतःला कळायच्या आधी सरांना तो कळला होता. आणि कळूनही सरांनी मला घेतलं.”

टाळ्या किती वाजल्या म्हणता! काही लोक उभे राहिले. त्यांनी आम्हा दोघांना एकेक रोप दिलं. खाली उतरताना गौतमने माझं रोपही स्वतःच्या हातात घेतलं, मला ओझं नको म्हणून, आणि कॅबपर्यंत दोन्ही कुंड्या तोच घेऊन गेला, उजवा पाय जपत. वाटेत मी त्याला टायरमधल्या हवेबद्दल विचारलं.

लिलावात बुडवलेले त्याचे पैसे देता येतील, बँकेत तेवढे आहेत. ते देणं सोपं आहे, म्हणून ते मी देण्यात धरत नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईच्या समोर, त्याला सांगायचं आहे की तुझा गुडघा कधीच अधू नव्हता, ते मी रचलं होतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.