उन्हात ठेवलेलं कार्ड

माझे धाकटे दीर जे काम करतात त्याला नाव नाही. नातेवाइकांनी मग त्यांनाच एक देऊन टाकलंय, भंगारकाका. देणाऱ्यांपैकी एकालाही घरातला फ्यूज बदलता येत नाही, हे आपलं सहज सांगते.

कारखान्यांतली तीस-पस्तीस वर्षांची यंत्रं ज्या कंट्रोल पॅनेलवर चालतात, त्यातली कार्डं बनवणं कंपन्यांनी केव्हाच बंद केलंय. कार्ड म्हणजे वहीच्या पानाएवढी हिरवी पाटी, वर काळ्या झुरळांसारखे चिकटवलेले भाग. असं एखादं कार्ड जळलं की अख्खं खातं ठप्प होतं आणि टाय लावलेली माणसं बूट न काढता आमच्या पुढच्या खोलीत शिरतात.

कार्ड मिळवायची भाऊजींची पद्धत अशी. पूर्वी प्रत्येक कारखान्यात एखादा तंत्रज्ञ असायचा, जो साहेबांच्या अकलेवर भरवसा नसल्यामुळे जादाची कार्डं घरी नेऊन जपायचा. चोरी म्हणा हवं तर. अशा माणसांचे पत्ते भाऊजींच्या वहीत आहेत. त्यातले बरेच आता हयात नाहीत, म्हणून फोन त्यांच्या बायकांना करावा लागतो आणि तो मी करते. भाऊजी बोलायला लागले की पहिलं वाक्यच ‘कार्ड आहे का?’ असतं. समोरच्या बाईच्या गुडघ्यांची आधी चौकशी करायची असते, हे त्यांना साठीतही कळलेलं नाही.

तर गेल्या महिन्यात काचेच्या कारखान्याचे मॅनेजर आले. भाऊजींनी तिथे बावीस वर्षं काढलेली. या साहेबांनी आल्या आल्या स्वच्छता मोहीम काढली होती. तीन वर्षांत हात न लागलेली वस्तू बाहेर, असा नियम. भाऊजींनी जमवलेलं सुट्या भागांचं कपाट त्यात वजनावर गेलं. एकच कार्ड साहेबांनी ठेवून घेतलं, तेही ‘आमची परंपरा’ अशी पाटी लावून स्वागतकक्षातल्या शोकेसमध्ये. आता भट्टीचं चालू कार्ड जळालं, तेव्हा शोकेसमधलं काढून बसवलं, तर ते चालेचना.

भाऊजींनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, “यावरचं स्टिकर कुठंय?”

“फार कळकट दिसत होतं. मीच काढायला सांगितलं.”

“आणि शोकेस खिडकीशी?”

“हो, तिथे उजेड छान येतो.”

भाऊजींनी कार्ड माझ्यासमोर धरलं. मग मला समजावून सांगावं तसं, साहेबांकडे न बघता त्यांनी सांगितलं. त्या कार्डावर नखाएवढी काचेची खिडकी असलेला एक भाग असतो. भट्टीला किती गॅस, किती हवा द्यायची, ते सगळं त्याच्या पोटात. खिडकीवर ऊन पडत राहिलं की आतलं पुसून जातं. म्हणून तिच्यावर स्टिकर. साहेबांनी दोन वर्षं कारखान्याचा मेंदू उन्हात वाळवला होता, तोही पाटी लावून. मी चहा ठेवायला आत गेले, कारण तोंडावर हसणं बरं दिसलं नसतं.

खरं तर मला वाटत होतं, बसू दे याला रडत. भाऊजींनाही तसंच वाटत असणार. पण भट्टी विझू देता येत नव्हती. आतली काच थिजली तर भट्टी फोडूनच काढावी लागते. पाच दिवस भट्टीवाले मिस्त्री हातानं व्हॉल्व्ह फिरवत ती धगधगती ठेवत होते. मिस्त्री म्हणजे भाऊजींचा जुना जोडीदार, निवृत्तीला आठ महिने उरलेले. आणि साहेबांनी आधीच एक पत्र करून ठेवलं होतं, की भट्टी थंड झाल्यास तो मिस्त्रींचा हलगर्जीपणा समजण्यात येईल. हे साहेबांनीच सांगितलं, वर म्हणाले, “कागदोपत्री सेफ राहिलेलं बरं.”

साहेब गेल्यावर भाऊजींनी वही उघडली. त्याच नकाशावर बांधलेली एक जुळी भट्टी दुसरीकडे होती. तो कारखाना बंद पडला आणि तिथला तंत्रज्ञही वारला. मी त्याच्या बायकोला फोन लावला. गुडघे झाले, सुनेचा स्वभाव झाला, मग मी हळूच विषय काढला.

“मुलगा सगळं फेकायला निघाला होता,” ती म्हणाली. “एक डबा मी तांदळामागे दडवलाय. हे म्हणायचे, कोणीतरी विचारत येईल. तुम्ही पहिल्याच.”

भाऊजी पहाटेच्या गाडीनं जाऊन डबा घेऊन आले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड, स्टिकर जागच्या जागी. भर दुपारी ते कारखान्यात गेले. पिशवी धरायच्या निमित्तानं मीही गेले, खोटं कशाला बोलू.

मिस्त्री भट्टीपाशी उभे होते. डोळे लाल, तळव्यांना फडकी बांधलेली. साहेबांनी कार्डासाठी हात पुढे केला. भाऊजी स्टुलावर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली.

“आधी ते पत्र फाडा,” ते म्हणाले. “मग पाळीच्या नोंदवहीत लिहा, स्टिकर कोणी काढायला लावलं ते.”

“काका, भट्टी जातेय आणि तुम्ही अडवणूक करताय?”

“भट्टी मिस्त्रींच्या हातात आहे. तुमच्या हातात पेन आहे.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी समजूत घालीन या आशेनं. मी पदरानं घाम पुसला. त्यांनी तीन वेळा ‘आपण नंतर बसून बोलू’ म्हणून पाहिलं. तेवढ्यात मिस्त्रींचा हात व्हॉल्व्हवरून निसटला, त्यांनी तो पुन्हा धरला, आणि साहेबांच्या कपाळावर एकदाची आठी पडली. पत्र फाटलं. नोंदवहीत त्यांनी लिहिलं, ‘स्टिकर अनवधानाने निघाले.’ भाऊजींनी वही परत सरकवली. दुसऱ्यांदा लिहिलं ते बरोबर लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली.

कार्ड बसलं. आकडे पडताळून बघायला दोन तास गेले. तोवर भाऊजींनी मिस्त्रींना व्हॉल्व्ह सोडू दिला नाही. मग म्हणाले, “सोड आता.”

मिस्त्रींनी हात काढले, तर बोटं तशीच वाकलेली राहिली. मी ती एकेक करून सरळ केली. साहेब तोवर फोनवर कोणाला तरी सांगत होते, की आमच्या टीमनं प्रश्न सोडवला.