संगप्पाचं करडगं

संगप्पा चाकूरचा. जलमभर सायकलच्या कॅरेजला कापडाचं गाठोडं बांधून नळेगाव, घरणी, जिथं बाजार तिथं हा. परकर, बनियन, टावेल. गळ्यात दोऱ्याला चांदीचं करडगं, त्या डबीत लिंग. ते हातावर घेऊन पूजा झाल्याबिगर पाण्याचा घोटसुदीक घ्यायचा नाही.

साठी उलटली आणि त्याला समुद्र बघायचं वेड लागलं. त्याचा पुतण्या रविकिरण, लातुरात टायरचं दुकान. त्याचा सायकलवाल्यांचा ग्रुप शिमग्याच्या आधी कोकण किनाऱ्यानं निघाला होता. म्हाताऱ्याची ब्याद त्याला नको होती. पण संगप्पाची बायको नीलम्मा म्हणाली, "घेऊन जा की रे. आजवर पोटासाठी सायकल हाणली, एकदा हौसेनं हाणू दे." नवऱ्याला तिनं बजावलं, "खाऱ्या पाण्यानं चांदी काळी पडती म्हणतेत. जपा."

चढाला संगप्पा सगळ्यांच्या पुढं. गिअरच्या महाग सायकलवरून रविकिरणला काकाची पाठ बघत चढावं लागायचं. सकाळी मात्र सगळे हेल्मेट घालून उभे आणि काका डोळे मिटून पूजेत.

"आता देव उतरला का घाटातच हाय?" रविकिरण विचारायचा. बाकीचे हसायचे. संगप्पाही हसायचा.

गणपतीपुळ्याला पहाटे, पूजेच्या आधीच, संगप्पानं जलमात न केलेली गोष्ट केली. चांदी जपायची म्हणून करडगं गळ्यातून काढलं, सदऱ्याच्या घडीत ठेवलं आणि पोरासारखा लाटेत बसला. बाहेर आला तर सदरा होता, करडगं नव्हतं.

ते रविकिरणच्या पिशवीत होतं. ग्रुपमधल्या नांदेडच्या बालाजीनं ते बघितलं होतं.

संगप्पानं वाळू उकरली. चुळा भरणाऱ्या लाटांकडं बघत बसला. अंगावेगळं करू नये ते आपणच केलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"काय हरवलं का काका?" रविकिरणनं विचारलं.

"न्हाई. चला."

आरे-वारेला डाव्या हाताला सुरूची झाडं, उजवीकडं निळाभोर समुद्र. सगळे शहाळी प्याले. संगप्पा म्हणाला, "पोट बिघडलंय." पावसला जेवणं झाली, तो बाहेर सायकलला टेकून बसला. ओठ पांढरे पडले होते.

"दे बाबा आता," बालाजी हळूच म्हणाला. "मरून राहिलाय म्हातारा."

"मागू दे की. तोंड हाय ना त्याला," रविकिरणनं भाताचा घास घेत म्हटलं. "आज बघू कोण पुढं चढतंय."

पूर्णगडची खाडी ओलांडली आणि चढ लागला. ऊन डोक्यावर. रविकिरणनं काकाला मागं टाकलं आणि मोठ्यानं शीळ घातली. मागं सायकल पडल्याचा आवाज आला. तो वरपर्यंत गेला, मगच वळला.

बालाजीनं संगप्पाच्या तोंडाला बाटली लावली. त्यानं दात गच्च आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यात, करडग्याच्या दोऱ्यानं पडलेल्या पांढऱ्या वळावर ओघळलं. दवाखान्यात पोचेतो सगळं संपलं होतं.

चाकूरला लिंगायतांच्या रीतीनं पुरायच्या खड्ड्यात त्याला मांडी घालून बसवलं. विधी करणारे जंगम म्हणाले, "डाव्या हातावर ठिवायला लिंग द्या."

नीलम्मानं रविकिरणकडं बघितलं. त्याच्या खिशात करडगं होतं. मांडीला टोचत होतं. बालाजीही बघत होता. रविकिरणनं खिसा हातानं झाकला, बालाजीनं मान वळवली.

जंगमांनी झोळीतलं कोरं लिंग काढलं. ज्याची त्यानं एक दिवसही पूजा केली नाही असं लिंग संगप्पाच्या तळहातावर ठेवलं आणि माती लोटली.

माणसं पांगताना कोणी तरी म्हणालं, "लिंग हरवलं त्यानं. देव काय उगं नेतो व्हय?"

"माझ्याच तोंडानं चांदी जपा म्हणले," नीलम्मा कपाळ बडवत म्हणाली.

रविकिरणनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तर रोज सांगत होतो काकू, गळ्यातलं काढू नका म्हणून. ऐकलंच न्हाई."