सावकाशरावांची सुरी

माणसानं घाबरट असावं, पण किती? पाणीखात्यातले हे एक मीटरवाचक घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर बघायचे आणि फाटकापाशीच ओरडायचे, "कुत्रं बांधलंय ना?" ज्या घरात कुत्रंच नव्हतं तिथंही विचारायचे. जिना उतरणाऱ्याला "सावकाश!", चहा पिणाऱ्याला "सावकाश!", शिंकणाऱ्याला तेच. ऑफिसात त्यांचं नावच सावकाशराव पडलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो यांच्या घरी पथारी टाकूनच बसला होता. घरातलं कुणी जरा उशिरा आलं, की यांना दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, आणि उशीर करणाऱ्यालाच यांच्या उशाशी बसून वारा घालावा लागायचा.

अशा माणसाला सुरी करायचा छंद लागला, आता बोला!

खात्याच्या वर्कशॉपात एक म्हातारा फिटर होता. सुट्टीच्या दिवशी तो झिजलेल्या कानशीच्या सुऱ्या करायचा. एकदा सावकाशराव ते बघत उभे राहिले आणि बघता बघता बोलून गेले, "मीही करून बघू का?" फिटरला आधी थट्टाच वाटली. पण पुढच्या रविवारी हे खरोखर हजर! कानस भट्टीत लाल करून राखेत हळूहळू निववली, म्हणजे ती मऊ पडते. मग कित्येक रविवार घासून घासून तिला पात्याचा आकार दिला. बोटं सोलवटली, नखं काळी पडली, पण गडी हटला नाही. घरी येऊन बायकोला दर वेळी दाखवायचे, "हे बघ, आता पोट आलं. हे बघ, आता टोक आलं." बायको बघायची आणि मनापासून हसायची. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं न घाबरता केलेलं हे पहिलंच काम होतं.

फिटर गावाला जायला निघाला, तेव्हा त्यानं पुढचं समजावून सांगितलं. पातं पुन्हा लाल करून तेलात बुडवायचं, की ते कडक होतं. "आणि मग एकदा मंद आचेवर तापवा. गव्हाळ रंग आला की झालं."

सावकाशरावांनी लालभडक पातं तेलात बुडवलं मात्र, डब्यातून हातभर जाळ उठला. भुवया थोडक्यात वाचल्या! चिमटा टाकून जे पळाले ते थेट फाटकापाशी. जाळ विझल्यावर भीतभीत परत आले, पातं उचललं, कानशीनं घासून पाहिलं. ओरखडा उठेना. वा! एवढं कडक झालं, आणखी काय हवं? आता नुसत्या रंगासाठी पुन्हा भट्टी पेटवायची? नको रे बाबा. आपल्याला काय सुरी नटवायची आहे? त्यांनी लाकडी मूठ बसवली, धार लावली आणि सुरी बायकोच्या हातात दिली. तिनं ती सगळ्या शेजारणींना दाखवली.

फिटर परतला तो पहिल्याच सकाळी म्हणाला, "काय सावकाशराव, गव्हाळ रंग आला का छान?"

"रंगाचं राहू दिलं," हे म्हणाले. "दिसायला तशीच बरी आहे."

फिटरच्या हातातला पाना खाली आला. "अहो, रंग दिसण्यासाठी नसतो! तो आला की समजायचं, पात्यातला ठिसूळपणा गेला. तुम्ही घरात काच दिलीय काच! कठीण काही कापताना तुकडा उडेल. कुणाच्या डोळ्यात जाईल, नाहीतर जेवणात."

पुढचं ऐकायला सावकाशराव तिथं होतेच कुठं? रस्ता कसा ओलांडला ते त्यांना कळलं नाही. एक कुत्रं भुंकत मागं लागलं होतं, तेही कळलं नाही.

घरी स्वयंपाकघरात लेक तिच्या बाळाला भरवत होती. बाळ नुकतंच घासाला लागलं होतं. वाटीत उकडून कुस्करलेला लाल भोपळा होता, आणि वाटी निम्मी रिकामी होती. ओट्यावर सुरी पडली होती. सावकाशरावांनी ती उचलून उजेडात धरली. धारेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली होती.

"थांब!" ते असे ओरडले, की बाळानं भोकाड पसरलं. "हा भोपळा कशानं चिरला?"

"आईनं चिरला. मला काय माहीत? काय झालं, बाबा?"

"आई कुठंय?"

"जरा जाऊन येते म्हणाली."

फोन केला, तर तो आतल्या खोलीतच वाजला. सावकाशरावांनी फ्रिजवरचं चुंबक ओढून काढलं आणि वाटीतल्या भोपळ्यातून फिरवलं. काही नाही. सालींतून, बियांतून, केराच्या डब्यातून, ओट्याच्या फटींतून फिरवलं. काहीच नाही. मग तुकडा गेला कुठं? त्यांनी बाळाकडं पाहिलं. पोट इवलंसं, कातडी सायीसारखी. पोलादाचं कुसळ आत कुठं रुतलं असेल, काय काय चिरत चाललं असेल? त्यांनी लेकीला सांगून टाकलं. लेक मटकन खालीच बसली. आज त्यांना आडवं व्हायला कुणी जागाच ठेवली नव्हती. त्यांनी बाळ उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि दवाखान्यात जायला जिन्याकडं धाव घेतली. लेक रडत मागं.

अर्ध्या जिन्यात बायको वर येताना भेटली. तिच्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज होतं.

"काय झालं? बाळाला कुठं नेताय?"

"तुकडा," सावकाशराव कसेबसे म्हणाले. "सुरीचा तुकडा. बाळाच्या पोटात."

"अगंबाई! नाही हो, तो माझ्या अंगठ्यात शिरला होता. आत्ताच काढून आले. भोपळा मग जुन्या सुरीनं चिरला, धुऊनबिवून." तिनं पदराची गाठ सोडून कागदाची पुडी दाखवली. वर जाऊन त्यांनी तुकडा सुरीच्या खाचेला लावून पाहिला. तीनदा पाहिला. तुकडा नेमका बसत होता. लेकीनं बाळाचे मटामट मुके घेतले.

"जाताना सांगता आलं नाही तुला?" ते बायकोवर ओरडले. "जीव गेला असता माझा!"

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून हिलाही नाही. तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही अंथरूण धरलं असतं. मग पेशंट कोण, तेच कळत नाही आपल्या घरात. आणि सुरी पुन्हा हातात धरली नसतीत."

सावकाशरावांनी सुरी ओट्यावर ठेवली आणि ते खाली टेकले. मग हळूच म्हणाले, "आणखी काय काय नाही सांगितलंत मला?"

"काही नाही हो," बायको म्हणाली. पण तिनं लेकीकडं पाहिलं, लेकीनं तिच्याकडं, आणि ती एक नजर त्यांनी टिपली. जाळ उठला तेव्हासुद्धा एवढी भीती वाटली नव्हती. दार उघडं होतं. तरी ते बसून राहिले.

"सांगा," ते म्हणाले.

"बाबा, हे बाळ झालं ना," लेक म्हणाली, "तेव्हा मी वाचेन असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. रात्रभर रक्त थांबत नव्हतं."

"पण मला तर फोन आला होता. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून."

"आईनंच केला होता. जेवून घ्या आणि निवांत झोपा, म्हणाली."

त्यांना आठवलं. ते जेवले होते. झोपही चांगली लागली होती.

"मग तिथं दवाखान्यात," त्यांनी विचारलं, "तुझ्या आईसोबत कोण होतं?"

बायको ओट्याकडं वळून एका हातानं साली गोळा करू लागली.

"कुणी नाही, बाबा," लेक म्हणाली. "आई एकटीच होती."